नाव नंतर टाकू

१९ जुलै, मंगळवार
आषाढ पौर्णिमा. आजपासून तीन महिने रोज संध्याकाळी बुद्ध विहारात धम्मग्रंथाचं वाचन. माझं अठरावं वर्ष. आवाज चांगला लागला. गुडघा मात्र मांडी घालायला तयार नाही, स्टूल मागवावं लागलं.

केशवगुरुजी आले नाहीत. सव्वीस वर्षं आमच्या विहार समितीचे अध्यक्ष, आणि त्यांची खुर्ची रिकामी मी आज पहिल्यांदा पाहिली. परवा न्हाणीत घसरले. कमरेला मार आहे, हाड शाबूत.

लोकांना ग्रंथापेक्षा खुर्चीच जास्त दिसत होती. वाचन संपायच्या आत मागं कुजबुज. "आता गुरुजीनंतर कोण?" वसंता तर मोठ्यानंच. जन्मभर एसटीत कंडक्टर होता, त्याला हळू बोलणं येतच नाही. मी पुस्तकातून डोळे वर करून नुसतं पाहिलं, वर्गात पाहायचे तसं. गप्प झाले.

२१ जुलै, गुरु.
सकाळी गुरुजींकडे. खाटेवर पडून पेपर चाळत होते.

"काय म्हणतेत लोकं? मेलो म्हणतेत का?"

म्हटलं, नाही, तुमच्यानंतर कोण म्हणतात. खूप हसले, मग कंबर धरली. "अजून जिता आहो म्हणा. पण बरोबर आहे त्याईचं. खाली करतो खुर्ची. आश्विन पौर्णिमेले, समारोपाच्या दिवशी."

मी पेपरची घडी घातली. मग तेच म्हणाले, "तुले काय सांगा लागते का, कुंदा? विहार कोणाच्या हातात आहे थे साऱ्या गावाले माहीत आहे."

घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. या वयात! लिहायची लाज वाटते. पण इथं नाही लिहिणार तर कुठं.

२४ जुलै, रवि.
पानठेल्यावर तीन नावं चालू आहेत म्हणे. वसंता (हे त्यानं स्वतःच सोडलेलं), प्रमोद ठेकेदार (चारचाकी आहे एवढ्याच गुणावर), आणि मी. बातमी पंचफुलाची. ती रोवण्याला जाते, धानाच्या बांधीत दिवसभर वाकून काम आणि तोंड मोकळं, त्यामुळं गावातलं सगळं तिला आधी कळतं. तिला अक्षर येत नाही. पण अठरा वर्षं पहिल्या ओळीत बसते, आणि माझ्याकडून ओळ गळाली की म्हणते, "बाई, काही सुटलं." दर वेळी खरंच सुटलेलं असतं.

म्हणाली, "बाया तुमचंच नाव घेऊन राहिल्या. झाडू बाई लावते, किल्ली बाईजवळ, वाचते बाई. मंग खुर्चीवर माणूस कायले?"

मी म्हटलं, खुर्चीत काय आहे गं. चक्क खोटं बोलले.

ह्यांना सांगितलं. टीव्हीचा आवाज काही कमी झाला नाही. "पाहू," म्हणाले.

३१ जुलै, रवि.
आज नवल. हे आपणहून वाचनाला आले!

जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा हे तिकडच्या ऑफिसात राहिले, मी इकडे शाळेत. बदली मागता मागता चौदा वर्षं गेली, शेवटी रिटायर होऊनच आले. शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. गावात त्यांना सुधाकर म्हणून कोणी ओळखत नाही, "बाईचे साहेब" म्हणतात. घरी येऊन तीन वर्षं झाली, विहाराची पायरी चढले नव्हते. आज मागच्या भिंतीला टेकून बसले. शेवटी शेवटी डुलकी लागली. तरी बरं वाटलं मला.

६ ऑगस्ट, शनि.
गुरुजींनी बोलावलं. निवडणूक नको म्हणतात. "हात वर कराले लावले का दोन पार्ट्या पडतेत. मंग एक पार्टी इथं बसते, दुसरी तिथं नवीन विहार बांधते. पाहिलं ना आपण?" पाहिलंय. शेजारच्या गावात झालंय.

म्हणून ठराव आधीच करायचा. एकमतानं. सह्या आधी घरोघरी घ्यायच्या, कारण समारोपाला लोक जेवायला येतात, सह्या करायला थांबत नाहीत. मी सचिव, तेव्हा मजकूर मीच लिहिला, त्यांच्यासमोर बसून. "…यांची समितीच्या अध्यक्षपदी सर्वानुमते निवड करण्यात येत आहे."

"आणि नाव?" मी विचारलं.

"जागा सोड. नाव नंतर टाकू. आत्ताच कळलं त वसंता बोंबलत फिरन."

जागा सोडली. तिच्या आधी मी "श्री./सौ." असं दोन्ही लिहिलं. गुरुजींनी वाचलं, मान हलवली. मला वाटलं, समजलं.

११ ऑगस्ट, गुरु.
दिवसभर सह्या. पिशवीत कागद, पेन, पाण्याची बाटली. घरात कोणी नाही, सगळा गाव रोवण्यावर, म्हणून बांधाबांधानं हिंडले. गुडघ्याचं मी संध्याकाळी पाहीन म्हटलं.

शाईचं पॅड घरी विसरले. पंचफुला म्हणाली, "कायचं पॅड अन् काय." बांधीतच उभी होती, चिखलाचा अंगठा कागदावर दाबला. छान उठला. तिच्या बाजूच्या चार जणींनीही तसाच. समितीच्या ठरावावर पाच चिखलाचे अंगठे. इतक्या हसलो सगळ्या!

कोणी कोणी विचारलं, नाव कोणाचं आहे बाई? मी म्हणायचे, गुरुजी सांगतील. आणि हसायचे. माझं हसू पाहून तेही हसायचे आणि सही करायचे. प्रमोदनंसुद्धा केली. वसंतानं पेन हातात घेऊन विचार केला, मग म्हणाला, "तुमी आल्या म्हणून करतो."

एकेचाळीस झाल्या. एकानंही नाही म्हटलं नाही. कागद गुरुजींच्या फाइलीत ठेवून आले.

१८ ऑगस्ट, गुरु.
श्रावण पौर्णिमा. वाचनाला गर्दी. हे आता रोज येतात, मागच्या भिंतीवरून चौथ्या ओळीत आलेत. रात्री जेवताना म्हणाले, मला वंदना पाठ करून दे. मी म्हटलं, आजवर कधी सुचलं नाही? "आता वेळ आहे ना." पालीतले शब्द मोडून मोडून सांगितले, पहिलीच्या वर्गाला सांगायचे तसे. मन लावून म्हणत होते. एवढं आम्ही दोघं एकत्र बसून कित्येक वर्षांत काही केलं नव्हतं.

२ सप्टें., शुक्र.
काल पोळा झाला. हे सकाळी नऊपासून गुरुजींकडे, जेवायलाच आले. त्यांना पेपर वाचून दाखवतात म्हणे. गुरुजींच्या सुनेनं मला मुद्दाम थांबवून सांगितलं, "साहेबाईचा जीव लागला इथं." चला, माणसाला जागा सापडली.

१६ सप्टें., शुक्र.
पवनीहून ह्यांनी पांढरा कुर्ता-पायजमा शिवून आणला. आरशासमोर उभे. "कसा दिसतो?" म्हटलं, नवरदेव. समारोपाला घालणार आहेत. मला म्हणाले, तूही नवी पांढरी साडी घे. घेईन. त्या दिवसाला घ्यायलाच हवी.

मनातल्या मनात भाषण जुळवते आहे. लहानच. अठरा वर्षांपूर्वी सासूबाई नको नको म्हणत होत्या तरी गुरुजींनी मला पहिल्यांदा माईकसमोर उभं केलं, तिथून सुरुवात करीन. त्या दिवशी गुरुजी म्हणाले होते, "पुस्तकाकडे पाह्य, लोकाईकडे नको पाहू." अजून तेच करते.

५ ऑक्टो., बुध.
आज ठराव कार्यवृत्ताच्या वहीत उतरवून ठेवावा म्हटलं. गुरुजी झोपले होते. सुनेनं फाइल दिली. ओसरीवर बसून उघडली.

जागा भरलेली आहे.

"सौ." वर फूटपट्टी ठेवून सरळ रेघ मारली आहे. पुढं ह्यांचं नाव. सुधाकर, वडिलांचं नाव, आडनाव. आणि अक्षर ह्यांचं. ह्या अक्षरात गोंदियाहून चौदा वर्षं पत्रं आली मला. "या शनिवारी येत नाही. गॅस सांगून ठेवशील." मला ते अंधारातसुद्धा ओळखू येईल. पट्टी लावून रेघ मारायची सवयही ह्यांचीच, ऑफिसची.

फाइल परत दिली. सुनेनं चहा विचारला, मी घेतलासुद्धा. चव आठवत नाही.

घरी आल्यावर भात वाढता वाढता विचारलं, नाव कधी टाकलं?

हात थांबला. खोटं नाही बोलले, एवढं मान्य करते. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. गुरुजीचा हात कापते ना. तूच लिही म्हणाले."

"आणि मला?"

"सांगणारच होतो. तुले वाईट वाटन म्हणून…"

म्हणजे वाईट वाटणार हे माहीत होतं. तरी महिनाभर माझ्याकडून वंदना शिकले. मी रोज उच्चार सुधरवत होते. मीच ह्यांना तयार केलं.

मग म्हणाले, "मले या गावात कोणी ओळखत नाही, कुंदा. चौदा वर्षं बाहेर घातले. तुह्याजवळ शाळा होती, विहार आहे. माह्याजवळ काय आहे?"

दया आली, आणि त्या दयेचा राग आला. ताट तसंच ठेवून उठले.

७ ऑक्टो., शुक्र.
गुरुजींकडे गेले. उभ्यानंच बोलले.

"परका आणला का मी?" म्हणतात. "सुधाकर तुहाच आहे ना? खुर्ची तुह्याच घरात आली."

मी म्हटलं, तुम्ही म्हणाला होतात, सांगावं लागतं का.

"थेच त सांगून राहिलो. नावाले सुधाकर बसन. काम तूच करशील. आतापावेतो नावाले मी बसलो होतो, काम तूच करत होती ना?"

किती सहज म्हणाले. सव्वीस वर्षांचा हिशोब एका वाक्यात दिला आणि त्यांना कळलंही नाही की दिला.

पुढं म्हणतात, तालुक्याचे लोक येतात, भंतेजी येतात, त्यांच्या बाजूला बाई बसवायची तर लोक काय म्हणतील. मी म्हटलं, बाई पुरुषाच्या बरोबरीची आहे हे तुम्ही माझ्याकडून दरवर्षी वाचून घेता, गुरुजी. तुम्ही मान डोलावता तेव्हा.

भिंतीकडे तोंड केलं. कमर दुखते म्हणाले.

ज्यांच्यामुळं उभी राहिले त्यांनीच बसवलं. वसंतानं केलं असतं तर भांडले असते. ह्या दोघांशी भांडायला शब्दच सापडत नाहीत मला, कारण शब्द यांच्यातल्या एकानं दिलेत आणि दुसऱ्याला मी दिलेत.

८ ऑक्टो., शनि.
वाचनाला गेले. न जाऊन कसं. हे आले नाहीत. पंचफुलानं तीनदा टोकलं, "काही सुटलं."

११ ऑक्टो., मंगळ.
दसरा. लोक नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. दरवर्षी जाते, यंदा गुडघ्याचं निमित्त सांगितलं.

दुपारी वसंता आला. त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. दारातूनच, "काय बाई, घरातल्या घरात तिकीट फाडलं म्हणते!" आणि हसला. मी नाही हसले तेव्हा त्याचा चेहरा पडला. "तुमाले माहीत नव्हतं?" मग खाली बसला आणि म्हणाला, "मले नाही भेटलं त ठीक आहे. मी आहोच तसा. पण तुमाले काहून नाही?"

शत्रू समजत होते ह्या माणसाला. पहिल्यांदा कोणीतरी सरळ विचारलं, तर त्यानं.

१३ ऑक्टो., गुरु.
समारोपाला ठराव वाचून दाखवायचं काम सचिवाचं. म्हणजे माझं. ह्यांचं नाव माझ्याच तोंडून जाहीर व्हायचं आहे. गुरुजींनी निरोप धाडला, "आवाज खणखणीत ठेवजो."

आजारी पडावं म्हटलं तर ताप काही येत नाही. कागद फाडावा, तर त्यावर पंचफुलाचा अंगठा आहे. वाचावं, तर…

आणि एक गोष्ट दोन दिवस टाळते आहे, ती लिहून टाकते. लोकांनी नाव विचारलं तेव्हा मीही सांगितलं नव्हतं. हसले होते. कोऱ्या जागेवर एकेचाळीस सह्या गोळा करून दिल्या त्या मीच. माझं नाव येणार समजून. दुसऱ्याचं येणार हे ठाऊक असतं तर एका तरी दारात गेले असते का? मला फसवलं हे खरं. पण फसवायला पिशवी माझीच वापरली.

१६ ऑक्टो., रवि.
समारोप.

मंडप भरला होता. गुरुजींना खुर्चीसकट उचलून आणलं. हे पहिल्या ओळीत, नवा कुर्ता. मी जुनीच साडी नेसले. शेवटचं पान वाचलं, ग्रंथ नव्या पांढऱ्या कापडात बांधला. मग ठराव हातात घेतला.

वाचत गेले. "अध्यक्षपदी" या शब्दापर्यंत नीट वाचलं. मग कागदावरून डोळे काढून लोकांकडे पाहिलं, गुरुजींनी शिकवलं त्याच्या उलट. म्हटलं, "हा कागद घेऊन मी तुमच्याकडे आले तेव्हा इथं नाव नव्हतं. मला ते विचारायला हवं होतं, आणि तुम्हाला सांगायला हवं होतं. दोन्ही केलं नाही, ती माझी चूक. आता इथं नाव आहे. तुम्ही सही केली ती याच नावाला केली का, मला माहीत नाही. मी वाचणार नाही."

गुरुजींनी डोळे मिटले होते.

पंचफुला उठून पुढं आली. "माहा अंगठा दाखवा." दाखवला. वाळून बारीक भेगा पडल्यात, पण जागेवर आहे. तिनं बोट ठेवलं. "हा माहाच. हा म्या बाईले देल्ला. दुसऱ्या कोणाले नाही देल्ला."

मग एकच गलका. प्रमोद म्हणतो पुन्हा बैठक घ्या, कोणी म्हणतं गुरुजींचा शब्द शेवटचा, कोणी म्हणतं नाव तर सांगा. वसंता गळ्यात अजून कंडक्टरची शिटी असल्यासारखा ओरडत होता, "एकेक जन बोला!" शेवटी काही ठरलं नाही. पुढच्या रविवारी बैठक. खीर निम्म्यांनी घेतली, निम्मे तसेच गेले.

गुरुजींना उचलून नेताना माझ्याजवळ थांबवलं त्यांनी. रागावतील वाटलं. हळूच म्हणाले, "अठरा वर्षांत पयल्यांदा जाणून ओळ गाळली तू." एवढंच. रागानं म्हणाले की कशानं, मला कळलं नाही. 

हे कधी उठून गेले पाहिलं नाही. घरी आले तर कुर्ता दोरीवर, धुतलेला.

१७ ऑक्टो., सोम.
चहा दोघांनी आपापला केला. संध्याकाळी सवयीनं किल्ली घेऊन निघाले, मग आठवलं, वाचन संपलं.

१९ ऑक्टो., बुध.
सकाळी नवा कागद घेतला. तोच मजकूर. ह्या वेळी जागा सोडली नाही. नाव आधी टाकलं. आपलं नाव आपल्या हातानं अध्यक्ष शब्दाच्या शेजारी लिहायला फार वेळ लागला. दोन कागद वाया गेले.

उद्यापासून पुन्हा घरोघरी. ज्याला द्यायची त्यानं नाव वाचून सही द्यावी, पंचफुलाला मी वाचून दाखवीन. ज्याला नाही द्यायची त्यानं तोंडावर नाही म्हणावं.

पण पहिली सही ह्यांची घ्यायची. समितीचे सभासद आहेत, मीच केलं होतं, दोन हजार तेरात. कागद समोर ठेवला, पेन ठेवलं. म्हटलं, वाचा.

चष्मा लावला. खूप वेळ पाहत राहिले. एकच ओळ वाचायची होती. मग म्हणाले, "ठेव. पाहतो."

तेव्हा साडेदहा झाले होते. आता चार. बाजारात गेलेत. कागद टेबलावर तसाच आहे, वर चष्मा ठेवलाय. चष्मा न घेता गेलेत बाजारात.